एका इंचाच्या माणसासाठी दिल्ली

पुण्याच्या विमानतळावर माझी पिशवी तपासणाऱ्या मुलीने आधी पेनासारखी दिसणारी सुरी बाहेर काढली, मग सुट्ट्या पात्यांची डबी, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उगाचच पदर सावरला.

"हे कशासाठी, मॅडम?"

"माणसं करते मी," मी म्हटलं, आणि हे उत्तर परिस्थिती बिघडवणारं आहे हे बोलल्यावर लक्षात आलं. "म्हणजे छोटी. प्लॅस्टिकची. या खोक्यात आहेत."

तिने खोकं उघडायला लावलं. आत थर्माकोलच्या गादीवर ताटाएवढा लाकडी पाट, पाटावर तंबू, थंड पडलेली चूल, चुलीपाशी बसलेली बाई, भाले टेकून उभे असलेले शिपाई. प्रत्येक माणूस जेमतेम एक इंचाचा. ती मुलगी वाकून बघत राहिली. मागच्या रांगेतला माणूस घसा खाकरू लागला तेव्हा तिने झाकण लावलं, खोकं माझ्या हातात दिलं आणि सुरी नि पाती शांतपणे टोपलीत टाकली. चूक माझीच होती. ती दुसऱ्या बॅगेत घालायची राहून गेली होती.

तर, मी मिरजेत दातांची डॉक्टर आहे. मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा त्याच्या कपाटात विमानाच्या मॉडेलचं न उघडलेलं खोकं राहिलं होतं. करोनात दवाखाना बंद असताना मी ते उघडलं. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दाढेच्या मागच्या कोपऱ्यात जिचा हात वर्षानुवर्षं चालला, तिला हे काम परकं वाटलंच नाही. विमानावरून मी जहाजावर गेले, जहाजावरून माणसांवर, आणि माणसांवरून पानिपतावर.

पानिपत माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या घराण्यातला रामजी नावाचा एक पुरुष पानिपतावर गेला आणि परतला नाही, एवढंच घरात सांगतात. तो कोणत्या हुद्द्यावर होता, दिसायला कसा होता, कोणालाच माहीत नाही. अण्णांनी मी केलेली जहाजं पाहिली आणि एक दिवस म्हणाले, "सुनीता, आपला रामजी करता येईल का गं तुला? डोळे आहेत तोवर बघीन म्हणतो." त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोरचं पुसट होतं, कडेचं दिसतं. म्हणून ते हल्ली माणसाशी बोलताना तोंड जरा दुसरीकडे वळवतात. नवख्याला वाटतं, रागावलेत.

मी तळ केला. मराठी शिपायांची खोकी कुठली कंपनी काढत नाही, म्हणून युरोपातल्या सैनिकांच्या टोप्या कापून मळून आकार द्यायच्या पुट्टीची पागोटी बांधली. बाई केली, तंबू केले. रामजी मात्र होईना. हात त्याच्यापाशी येऊन थांबायचा. दिल्लीकडे मॉडेल करणाऱ्यांचा एक मेळावा भरतो असं कळलं, नणंद तिकडेच राहते, आणि पानिपतही तिथून लांब नाही. अण्णाच म्हणाले, "जा. जागा बघून ये एकदा."

गुरुग्राम

माझी धाकटी नणंद मेधा लग्न होऊन दिल्लीला आली आणि तिथलीच झाली. तिचं घर इतक्या उंच मजल्यावर आहे की सकाळी खिडकीतून फक्त धुकं दिसतं आणि धुक्यातून दुसऱ्या इमारतींचे माथे. मी सांगलीचं भडंग काढून दिलं, तर ते तिने उभ्याउभ्याच मूठभर तोंडात टाकलं. मग टेबलावर खोकं उघडलं.

तंबू आडवा झाला होता. चुलीपाशी बसलेल्या बाईचा हात खांद्यापासून निघून कुठेतरी थर्माकोलमध्ये गेला होता.

"अरे यार," मेधा म्हणाली. "आता?"

"आता शोधायचा. भाताच्या शितापेक्षा लहान आहे."

आम्ही दोघी भिंग घेऊन टेबलावर वाकलो. मेधाला पहिल्यापासून हे सगळं पोरकट वाटतं. वहिनी दिवसभर लोकांचे दात कोरून घरी आल्यावर पुन्हा खेळणी कोरते, असं ती फोनवर अण्णांना सांगायची. पण हात तिलाच सापडला. बोटाच्या टोकावर घेऊन तिने तो उजेडात धरला.

"बांगड्यापण केल्यास तू?"

"केल्या."

तिने भिंग आणखी जवळ नेलं. तव्यावरचा मेथीचा पराठा करपल्याचा वास आला तेव्हा पळाली.

हात चिकटवायला पातळ डिंक हवा होता, पुट्टी कापायला पाती हवी होती. "करोल बागला मिळेल," मेधा म्हणाली. "मेट्रोने जाऊ. गाडी नेली तर पार्किंगमध्येच संध्याकाळ होईल."

करोल बाग

मिरजेच्या बाजारात मी डोळे मिटून चालू शकते. करोल बागेत डोळे सताड उघडे ठेवूनही हरवले. एका बाजूला लेहेंगे, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे आरसे आणि हॉर्न, मधून रिक्षा, आणि सगळ्यांना ओलांडून आम्हाला बोलावणारे दुकानदार. मेधा माझं मनगट धरून हिंदीत रस्ता काढत होती. दिल्लीत ती घराबाहेर पडली की तिचा आवाजही बदलतो. एक पट्टी वर जातो.

मॉडेलचं दुकान जिन्याने वर, एका खोलीचं. जमिनीपासून छतापर्यंत खोकी. विमानं, रणगाडे, जहाजं, आणि चित्रांमध्ये ती सगळी धुराच्या लोटांतून आपल्याच अंगावर येताहेत. डिंक मिळाला, पाती मिळाली. आणि वरच्या फळीवर उंटांचं एक खोकं दिसलं. मराठ्यांच्या तळावर ओझ्याचे उंट हवेत हे माझ्या कधीपासून मनात होतं. मी हात वर केला, तर त्याच क्षणी दुसरा एक हात तिथे पोचला.

हात एका उंच, पांढरी दाढी नीट कातरलेल्या गृहस्थांचा होता. अंगात राखाडी कोट, गळ्यात मफलर.

"पहले आप," ते म्हणाले.

"नहीं नहीं, आप लीजिए."

दुकानदार हसायला लागला. "एक ही बचा है. चार ऊँट हैं. आधे-आधे कर लो."

तसं ठरलं. दुकानदाराने खोकं फोडलं, आणि आम्ही उंटांची वाटणी करायला बसलो. दोन उभे, दोन बसलेले. मला उभे हवे होते, त्यांना बसलेले चालणार होते. सगळं इतकं गोडीने चाललं होतं.

"आप क्या बना रही हैं?" त्यांनी विचारलं.

"पानीपत. तीसरी लड़ाई. मराठों का कैंप."

ते हातातला उंट खाली ठेवून म्हणाले, "मेरा नाम नसीर है. काबुल से हूँ. बहुत साल से इधर, लाजपत नगर में."

मेधाने माझ्या कोपराला धक्का दिला. मी विचारलं, तुमच्याकडे शाळेत पानिपत शिकवतात का?

"थोड़ा. अहमद शाह को हम लोग बाबा कहते हैं. क्लास में तस्वीर लगी थी."

बाबा. ज्या अब्दालीचं नाव आमच्याकडे शिवीसारखं घेतात, त्याला कोणी बाबा म्हणत असेल हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोरासमोर, दोन प्लॅस्टिकचे उंट हातात धरून ऐकणं वेगळं. नसीर साहेबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी माझे उंट कागदात नीट गुंडाळून दिले आणि मेळाव्याला येणार का विचारलं. ते येणार होते.

परतताना मेट्रोत मेधा म्हणाली, "वहिनी, अण्णांना सांगू नकोस हं. त्यांच्या रामजीच्या तळावर काबूलवाल्याबरोबर वाटून घेतलेले उंट!"

आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढून घेतलं.

पानिपत

दुसऱ्या दिवशी मेधाने सुट्टी टाकली आणि गाडी काढली. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठा खाल्ला. पराठा म्हणजे काय, आमच्याकडच्या भाकरीएवढा, जाड, आणि त्यावर लोण्याचा गोळा असा ठेवलेला की तो वितळायची वाट बघत बसावं लागतं. मेधा तिथल्यासारखी सवयीने खात होती. मी अर्ध्यावर हात टेकले.

पानिपत जवळ आलं तसं मी खिडकीला नाक लावलं. इतकी वर्षं ऐकलेलं गाव. पण दिसलं ते विणकामाचे कारखाने, चादरी-घोंगड्यांची दुकानं, आणि गावाबाहेर गव्हाची शेतं. गहू गुडघ्याएवढा, ओला हिरवा. काला अंब नावाच्या जागी बाग आहे, विटांचा स्तंभ आहे, शांतता आहे. इथे लढाईनंतर काळपट पडलेला एक आंबा होता म्हणे. मी चप्पल काढली. का काढली माहीत नाही, मेधानेही काढली.

फरशीवर एक मुलगी बसून होती, पाठीला दप्तर. आम्ही बोलताना ऐकून उठली.

"काकू, तुम्ही मराठी? कुठल्या?"

परभणीकडची होती. दिल्लीत राहून कलेक्टर व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करते. "अभ्यासाचा कंटाळा आला की येते इथं. कोणी ना कोणी मराठी भेटतंच." मेधाने तिला डब्यातले तिळाचे लाडू दिले. तिने एक खाल्ला आणि एक रुमालात बांधला.

मी बागेच्या कुंपणापाशी जाऊन नुसती बघत उभी राहिले. मिरजेत माझ्या टेबलावर मी टेकाडं केली होती, खडक केले होते, चढउतार केले होते. इथे काहीच नव्हतं. जमीन सपाट, नजर जाईल तिथवर सपाट. दडायला झाड नाही, पाठ टेकायला दगड नाही. आणि मातीचा रंग! मी कृष्णाकाठची माणूस, हात आपोआप काळ्या रंगाकडे गेला होता. ही माती फिकट, राखेत दूध मिसळावं तशी. माझा सगळा पाट चुकला होता.

शेतात एक बाई गवत काढत होत्या. मी हिंदीत थोडी माती मागितली.

"मिट्टी का के करेगी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आमचा एक माणूस इथे राहिला, त्याची मूर्ती करते आहे. त्यांनी आणखी काही न विचारता खुरप्याने चांगली खालची माती काढून पिशवीत घातली.

परत गाडीत बसल्यावर मेधाने किल्ली फिरवलीच नाही.

"वहिनी, अण्णांना खरंच किती दिसतं?"

"कडेचं दिसतं. मधलं नाही."

"फोनवर तर मजेत असतात. बिल्कुल पहिल्यासारखे. म्हणून मी येतच नाही बघ. मुलांच्या परीक्षा, यांचं ऑफिस, हे सगळं असतंच. पण खरं सांगू? भीती वाटते. समोर गेले आणि त्यांनी मला ओळखलंच नाही तर?"

मी म्हटलं, "तू त्यांच्या डावीकडे जरा कडेला उभी राहा. ओळखतील."

ती रडता रडता हसली आणि गाडी सुरू केली.

पुन्हा गुरुग्राम

मेळावा एका मोठ्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि त्यावर एका माणसाच्या आयुष्यात मावणार नाहीत इतकी युद्धं. विमानाच्या पंखावरचे खिळे मोजणारे, रणगाड्याच्या चिखलाचा रंग बरोबर की चूक यावर वाद घालणारे, सगळे आपापल्या नादातले सुखी लोक. बायका आम्ही थोड्याच, पण कोणी वेगळं वागवलं नाही. दाताचं काम करायच्या सळ्या मी पुट्टीला वापरते हे कळल्यावर तर माझ्याभोवती गर्दी झाली.

माझ्या पाटापुढे एक जण थांबून म्हणाला, "मैडम, इसमें लड़ाई कहाँ है?"

"अभी शुरू नहीं हुई," मी म्हटलं.

नसीर साहेबांचं टेबल कोपऱ्यात होतं. त्यांच्यापुढे तळहाताएवढा एक ट्रक. लष्करी ट्रकचं खोकं आणून त्यांनी त्याचा मालाचा ट्रक केला होता. लाकडी फळ्यांचा उंच सांगाडा, त्यावर रंगीत वेली, मागे गरुडाचं चित्र, पुढे साखळ्यांची झालर. आणि वर टरबुजांचा ढीग. मी भिंग लावून पाहिलं.

"ये तरबूज किससे बनाए?"

"देखिए, पहचानिए."

मी पाहिलं, वास घेतला. धणे! आख्ख्या धण्यांना हिरवा रंग दिला होता. धण्यावरच्या शिराच टरबुजाचे पट्टे झाल्या होत्या.

मला इतका आनंद झाला की मी मेधाला हाक मारली. मग ते सांगू लागले. त्यांचा मोठा भाऊ असा ट्रक चालवायचा. कुंदूझहून काबूलला टरबुजं आणायचा. भाऊ अजून तिकडे आहे. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की नसीर साहेब वर, टरबुजांवर बसून जायचे. ते तिकडे नकाशे काढायच्या कचेरीत होते. इथे दिल्लीच्या दवाखान्यांत अफगाण रुग्णांचे दुभाषी म्हणून काम करतात. "सब टैंक बनाते हैं," ते म्हणाले. "टैंक मैंने बहुत देख लिए."

मग ते माझ्या टेबलापाशी आले. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"एक बात पूछूँ? सबकी पीठ क्यों है?"

मी चपापले. खरंच की. बाई चुलीवर वाकलेली, शिपाई पाठमोरे, एकाने तोंडावर घोंगडी घेतलेली. इतक्या दिवसांत मला दिसलं नव्हतं. मेधाला नाही, अण्णांना नाही. मी एकही चेहरा केलेला नव्हता.

"मुझे चेहरा नहीं आता," मी म्हटलं. "और जो असली आदमी है, वो तो बनाया ही नहीं." आणि मी त्यांना रामजीबद्दल सांगितलं, अण्णांच्या डोळ्यांबद्दलही.

ते म्हणाले, "कल दोपहर खाना हमारे यहाँ. दोनों आइए. ब्रश लेकर आइए."

लाजपत नगर

त्यांच्या गल्लीत शिरलं की वास बदलतो. भट्टीतून निघणाऱ्या लांबलचक नान-रोट्यांचा, वेलदोड्याचा, भाजलेल्या मांसाचा. नसीर साहेबांच्या पत्नी दारातच मेधाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांना हिंदी थोडंच येतं, पण वाढताना हिंदीची गरज लागत नाही. जमिनीवर कापड अंथरून पंगत. पुलावावर मनुका आणि गाजराचे लांब काप. आपल्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की यजमान आग्रह करतो. तिथे नको म्हणायची संधीच देत नाहीत.

जेवताना माझं लक्ष धंद्याप्रमाणे भलतीकडे गेलं. नसीर साहेब एकाच बाजूने चावत होते.

"दाढ दुखती है?" मी विचारलं.

"नहीं, नहीं."

त्यांच्या पत्नीने हात जोडून माझ्याकडे पाहिलं. जेवण झाल्यावर मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, मोबाइलचा दिवा लावला. खालची अक्कलदाढ आडवी, भोवती सूज. दुसऱ्यांना दवाखान्यात नेणारा हा माणूस स्वतः महिनोन् महिने घाबरून बसला होता. मेधाने तिथल्या तिथे तिच्या डॉक्टरांना फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. "मैं ले जाऊँगी आपको," तिने सांगितलं. तिच्या आवाजाला नकार देणं दिल्लीतही कोणाला जमत नसावं.

मग ब्रश निघाले. "आँख मत बनाइए," नसीर साहेब म्हणाले. "इतने छोटे में आँख बनाओ तो कार्टून हो जाता है. भौं के नीचे की छाया बनाइए. बाकी देखनेवाला ख़ुद देख लेगा." त्यांनी एका जुन्या शिपायावर करून दाखवलं. तपकिरी रंगाची एक पुसट रेघ, नाकावर उजेडाचा ठिपका. आणि प्लॅस्टिकचा तुकडा कोणाकडे तरी पाहू लागला. मी करून पाहिला. पहिला बिघडला, दुसरा जमला.

"अब रामजी," ते म्हणाले. "कैसा था?"

"किसी को पता नहीं."

"ससुर का चेहरा दे दीजिए. ख़ून तो वही है."

मेधाने मोबाइलमधला अण्णांचा जुना फोटो काढला. नसीर साहेबांनी पाहिला आणि मान हलवली. "एक इंच में चेहरे से कोई नहीं पहचानता. खड़े कैसे होते हैं?"

मेधा उठली. गालिच्याच्या मधोमध गेली, दोन्ही हात पाठीमागे कमरेवर नेऊन एकात एक अडकवले, डावा खांदा थोडा खाली सोडला, एक गुडघा सैल केला आणि मान उचलून खिडकीबाहेर पाहिलं.

अण्णा! सकाळी अंगणात उभे राहून आभाळ बघतात तसे, हुबेहूब. मिरजेतून गेलेली ही मुलगी वडलांचं उभं राहणं शरीरात घेऊन इतकी वर्षं दिल्लीत हिंडत होती.

"हिलना मत," नसीर साहेब म्हणाले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि थोड्या रेघांत ती काया कागदावर उतरवली. नकाशे काढणारा हात. मी त्याच कागदावर बारीक तार ठेवून वाकवली आणि तिच्यावर पुट्टी चढवायला सुरुवात केली. मेधा शेजारी बसून सांगत होती, "खांदा अजून खाली. नाही, एवढा नाही. हां, बस." खेळणी म्हणणारी माझी नणंद! चहा तीनदा थंड झाला.

निघताना नसीर साहेबांनी विचारलं, "रामजी देख किधर रहा है?"

"उधर. आपके लोगों की तरफ़."

"तो उधर कुछ होना चाहिए."

माझ्या पाटाचा तो भाग रिकामा होता. मुद्दामच रिकामा ठेवला होता. काय ठेवायचं ते ठरत नव्हतं, आणि अण्णांना काय चालेल ते विचारायचं धाडस नव्हतं. मी नसीर साहेबांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मेधाने त्यांना दवाखान्यात नेऊन आणलं, दाढ निघाली. मी परत निघायच्या दिवशी ते गाल सुजलेला, मफलर कानापर्यंत गुंडाळलेला, असे मेट्रोच्या दारापाशी भेटायला आले. बोलता येत नव्हतं. त्यांनी एक काडेपेटी माझ्या हातात दिली.

उघडली तर कापसावर पाच-सहा माणसं. तांदळाच्या दाण्याएवढी. लहान प्रमाणात केलेली, म्हणजे पाटाच्या मागच्या कडेला ठेवली की लांबवर दिसावीत. अंगावर कातडी कोट, डोक्यावर टोप्या, आणि मध्ये शेकोटीचा लाल ठिपका. सगळे हात पुढे करून शेकत बसलेले.

मी विमानात ती काडेपेटी हातातच धरून बसले. शेजारच्या सीटवर मेधा होती. तिने आदल्या दिवशी तिकीट काढलं होतं.

मिरज

मेधा दारात कडेला उभी राहिली, अण्णांच्या डावीकडे. त्यांनी तोंड उजवीकडे वळवलं आणि म्हणाले, "आलीस? दार लाव, मांजर आत येतं." मेधा तिथेच पायरीवर बसली. पुढचं मी लिहीत नाही.

पाटाची जमीन मी पुन्हा केली. टेकाडं तासून टाकली, खडक काढले, पानिपतची माती चाळून पसरली. दोन उभे उंट ठेवले. चेहऱ्यांच्या छाया घातल्या. मध्ये रामजी. आणि मागच्या कडेला, बराच विचार करून, शेकोटी.

सकाळच्या उजेडात आम्ही पाट खिडकीशी ठेवला. अण्णा खुर्ची ओढून बसले, मान तिरकी केली, भिंग धरलं. मेधा माझा हात दाबत होती. भिंग तंबूंवरून, उंटांवरून सरकत मधल्या माणसापाशी येऊन थांबलं.

"हा रामजी?"

"हो, अण्णा."

"हा आमच्या वडलांसारखा उभा आहे," ते म्हणाले. "अगदी तस्से. मळ्याच्या बांधावर असे उभे राहायचे."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. अण्णांचे वडील तिने कधी पाहिलेही नव्हते.

मग भिंग मागे सरकलं. "तिकडे काय आहे? लाल लाल."

"तिकडची माणसं, अण्णा. शेकत बसलीत. काबूलच्या एकाने करून दिलीत." आणि मी सगळं सांगितलं, उंटांची वाटणी, धण्यांची टरबुजं, दाढ. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. अण्णा भिंग खाली ठेवून ऐकत होते.

"माती कुठली म्हणालीस?"

"तिथलीच."

त्यांनी बोट पुढे केलं आणि पाटाच्या कडेला अगदी हलकेच टेकवलं. बोटाला लागलेली धूळ त्यांनी पुसली नाही. "बसू देत," ते म्हणाले. "थंडी फार असते तिकडे."

मला वाटलं, झालं. पण त्यांनी भिंग पुन्हा उचललं आणि आता त्यांच्या आवाजात शेतकऱ्याची कुरकुर आली. "का गं, बैल कुठायत? एवढ्या तोफा काय उंटांनी ओढल्या?"

"वशिंडाचे बैल कोणी खोक्यात विकत नाही, अण्णा. विलायती गायी मिळतात."

"मग ते तुझं पीठ दे इकडे."

मी पुट्टी मळून त्यांच्या हातात दिली. ते खिडकीकडे तोंड करून बसले, हातांकडे बघतही नव्हते. अंगठ्याने पाठ दाबली, चिमटीत वशिंड उचललं, गळ्याखालची लोंबती पोळी ओढली, बोटांनी पाय काढले. आमच्या लग्नाच्या आधी त्यांनी शेतीची बैलजोडी विकली होती, पण बोटांना सगळं माहीत होतं. मेधाने शिंगांना तार दिली. बैल झाला तो माझ्या हिशेबात चांगला दीडपट मोठा, तंबूच्या उंचीला लागणारा. मी प्रमाणाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही, पण गप्प बसले.

अण्णांनी तो तळहातावर घेऊन तोलला.

"वाळायला किती वेळ लागतो याला?"

"उद्या सकाळपर्यंत वाळेल."

"मग उद्या दुसरा करू," ते म्हणाले आणि हात पुसायला फडकं मागितलं. "बैल काय एकटा जुंपतात का?"